हरभऱ्याचा मर रोग व बुरशीतील पाठभेद

फ्रीगंज ओलांडून देवास रस्त्याने उज्जयिनीबाहेर पडले, की हिवाळ्यात काळ्या जमिनीत गहू व हरभरा उभा दिसतो. अशा भरल्या शेतात कधीकधी हरभऱ्याची काही झाडे एकाएकी माना टाकतात. मुळे वरून निरोगी भासतात. परंतु झाड उपटून मूळ व खोड उभे चिरले, तर आतील जलवाहिन्या काळपट तपकिरी झालेल्या आढळतात. यास मराठीत ‘मर’ म्हणतात. माळव्यातील शेतकरी ‘उकठा’ म्हणतो. उकठणे म्हणजे सुकून जाणे. हा शब्द अधिक बोलका आहे, यात शंका नाही.

रोगाचे कारण फ्यूजेरियम ऑक्सिस्पोरम ही मातीत राहणारी बुरशी होय. शेतात हरभरा नसला तरी ती सहा वर्षांहून अधिक काळ जमिनीत तग धरते. त्यामुळे एखादे वर्ष पीक बदलून सुटका होत नाही. रोगास दाद न देणारे बियाणेच पेरावे लागते. परंतु मूळकूज करणाऱ्या निराळ्या बुरशीही हरभरा वाळवतात. एकीसाठी निवडलेले वाण दुसरीपुढे टिकेलच असे नाही. म्हणून बुरशीची ओळख नेमकी पटणे अगत्याचे ठरते.

सूक्ष्मदर्शकाखाली फ्यूजेरियमचे कोयत्यासारखे वाकडे बीजाणू दिसतात. पण तिच्या अनेक जाती दिसण्यात इतक्या सारख्या, की तज्ज्ञांचीही गल्लत व्हावी. यावर उपाय म्हणून बुरशीच्या डीएनएचा एक लहानसा भाग वाचण्याची रीत रूढ झाली. त्यास ‘आयटीएस’ म्हणतात. प्रथिने घडविणारे रायबोसोम ज्या जनुकांवरून बनते, त्यांच्यामधील ही मोकळी जागा. रायबोसोम बनताना ती कापून टाकली जाते. साहजिकच तीत झालेले फेरबदल पेशीला फारसे बाधत नाहीत, आणि जातीजातींत तिची अक्षरे लवकर निराळी होतात. बहुधा 500 ते 700 अक्षरांचा हा मजकूर 2012 साली बुरशींची अधिकृत ओळखखूण म्हणून पुढे आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथेही ही पद्धत वापरतात.

आता खरी गंमत पाहा. हा मजकूर पेशीत एकदाच लिहिलेला नसतो. त्याच्या अनेक, कधी शेकडो प्रती एकापुढे एक असतात. उज्जयिनीच्या सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठानात जुन्या पोथ्या आहेत. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या ताडून पाहिल्या, की पाठभेद सापडतात, हे अशा पोथ्यांच्या अभ्यासकांस ठाऊक असते. बुरशीच्या प्रतींत मात्र पाठभेद फारसे उरत नाहीत. पेशी आपल्या प्रती एकमेकींशी जुळवून घेत राहते. ओळखीची सारी पद्धत याच विश्वासावर उभी आहे.

1997 साली अमेरिकेतील ओडोनेल व सिगेलनिक या संशोधकांनी फ्यूजेरियमच्या एका मोठ्या कुळात हा विश्वास डळमळविला. फ्यूजेरियम ऑक्सिस्पोरमही त्याच गोतावळ्यातील. तपासलेल्या प्रत्येक वाणात आयटीएसच्या दुसऱ्या खंडाचे दोन अगदी भिन्न पाठ एकत्र नांदत होते! नेहमीच्या रीतीने वाचले असता त्यांतील प्रमुख पाठच दिसे. गौण पाठ शोधण्यास खास साधने योजावी लागली. शिवाय प्रमुख कोणता, हे जातीगणिक बदलत होते, आणि ते नात्यांना धरून नव्हते. त्यामुळे या खंडावरून काढलेली वंशावळ इतर जनुकांच्या वंशावळीशी जुळेना. दोन जातींचा प्राचीन काळी झालेला संकर, अथवा जनुकाचे दुपटीकरण, असे दोन तर्क त्यांनी मांडले.

तेव्हापासून फ्यूजेरियमची जात ठरविताना केवळ आयटीएसवर विसंबत नाहीत; प्रथिननिर्मितीत साहाय्य करणाऱ्या ‘टीईएफ’ या जनुकाचा मजकूर वाचतात. तरीही हरभऱ्यापुरते काम तेथे संपत नाही. मर आणणाऱ्या या बुरशीचे आठ प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकारास पुरून उरणारे वाण दुसऱ्यापुढे हात टेकते. ते प्रकार ओळखण्याची जुनी कसोटी अजून चालू आहे. रोगट मातीत हरभऱ्याचे ठरावीक वाण शेजारीशेजारी पेरतात, आणि कोणते सुकते व कोणते उभे राहते, हे पाहतात.