वादळानंतर सहलीला जावे का?



बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे वर्षातून मुख्यतः दोन वेळा येतात. एकदा एप्रिल ते जून आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबर ते डिसेंबर. आता आपल्या सुट्ट्या आठवा. उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात, दिवाळीची ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि शाळेची सहल बहुधा डिसेंबरात. म्हणजे पूर्वेच्या समुद्रकिनारी जाण्याचे आपले बहुतेक बेत नेमके वादळांच्या मोसमात येतात. म्हणून ‘वादळ येऊन गेले, आता जावे की नाही?’ हा प्रश्न केवळ भूगोलाच्या पेपरापुरता नाही. पालकांना आणि विश्वस्त मंडळालाही तो सोडवावा लागतो. पुरीच्या उदाहरणावरून आपण तो समजून घेऊ.

पुरीत काय घडले?

३ मे २०१९ रोजी सकाळी ‘फनी’ हे चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १७५ ते १८० किलोमीटर होता, मधले झोत २०५ पर्यंत गेले. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. पर्यटकांना पुरी सोडण्यास सांगण्यात आले, त्यांच्यासाठी रेल्वेने विशेष गाड्या सोडल्या आणि किनाऱ्यावरच्या सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले. १९९९ च्या महावादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसे दगावली होती. २०१९ मध्ये ही संख्या ६४ होती. वेळेवर दिलेल्या आणि वेळेवर ऐकलेल्या इशाऱ्याचे हे फळ होय.

पण माणसे वाचली तरी गाव मोडले होते. झाडे, विजेचे खांब, छपरे कोसळली होती. अशा वेळी निर्णय घेताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. धोका खरोखर टळला का? जमिनीवर आल्यावर वादळाला उबदार समुद्राची वाफ मिळत नाही, म्हणून त्याचा जोर ओसरतो. परंतु पाऊस, पूर आणि खवळलेला समुद्र पुढेही राहू शकतो. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याची सूचना असेल, तोवर आपणही किनाऱ्यावर जाऊ नये.

२. पोहोचता येईल, पण राहता येईल का? येथे बरेच जण फसतात. भुवनेश्वरचा विमानतळ दुसऱ्याच दिवशी, ४ मे रोजी, पुन्हा सुरू झाला. पुरीच्या अनेक भागांत मात्र वीज यायला कित्येक आठवडे लागले. वीज नाही म्हणजे पंप नाही आणि पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही. रस्ता मोकळा झाला म्हणजे गाव उभे राहिले असे नव्हे.

३. माहिती कोणाकडून घ्यावी? हॉटेलवाल्याला ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारले तर तो ‘ठीक आहे’ असेच म्हणणार. प्रश्न नेमके असावेत. वीज दिवसभर असते का? पाणी नळाचे की टँकरचे? जवळचे सरकारी रुग्णालय सुरू आहे का? हेच प्रश्न जिल्हा प्रशासनाला आणि तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसालाही विचारावेत आणि उत्तरे ताडून पाहावीत.

४. आपण ओझे होऊ की आधार? टँकरने पाणी वाटले जात असताना पन्नास मुलांची सहल नेणे म्हणजे तिथल्या पन्नास जणांच्या वाट्याचे पाणी वापरणे. पडकी घरे पाहायला जाणे तर मुळीच शोभत नाही. पण पुढे काळ बदलतो. त्याच वर्षी ४ जुलैला, म्हणजे दोन महिन्यांनी, पुरीत रथयात्रा झाली. रिक्षावाले, खाजा विकणारे, स्नान करणाऱ्यांवर नजर ठेवणारे नोलिया, पिपिलीचे कापडी नक्षीकाम करणारे आणि रघुराजपूरचे पट्टचित्रकार यांचे पोट बाहेरून येणाऱ्यांवर अवलंबून असते. रघुराजपूरच्या कलाकारांची चित्रे वादळात भिजून खराब झाली होती. वीज-पाणी परत आल्यावरही ‘तिकडे सगळे उद्ध्वस्त झाले आहे’ असे म्हणत आपण घरी बसलो, तर त्यांच्यावर दुसरे संकट येते. घाईने जाणे जितके चुकीचे, तितकेच विनाकारण न जाणेही चुकीचे.

पालक आणि विश्वस्तांसाठी

‘आता पैसे भरून झाले आहेत’ हे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर पूर्ण भाडे परत मिळते. आपण तिकीट रद्द केले तर नियमाप्रमाणे कपात होते. या कपातीपोटी मुलांचा जीव धोक्यात घालण्याचा मोह कोणालाच होऊ नये, म्हणून सहलीच्या अंदाजपत्रकात थोडी रक्कम आधीच राखून ठेवावी, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. पालकांनीही सहल रद्द करण्याऐवजी ‘पुढे ढकलणे’ हा तिसरा मार्ग लक्षात ठेवावा. पुष्कळदा तोच योग्य असतो, कारण त्यात मुलांची काळजीही आहे आणि तिथल्या लोकांची आठवणही.

स्वाध्याय

१. चक्रीवादळ जमिनीवर आल्यावर कमजोर का होते?
२. १९९९ आणि २०१९ च्या मृत्युसंख्येत एवढा फरक कशामुळे पडला?
३. तुमच्या कुटुंबाने पुरीचे तिकीट काढले आहे आणि जाण्याच्या दहा दिवस आधी तेथे वादळ आले. तुम्ही कोणाला काय विचाराल? पाच प्रश्न लिहा आणि घरी चर्चा करा.