धातूचे कवच

लातूरच्या अडकित्त्याच्या दोन दांड्या एका खिळ्याभोवती फिरतात. तो सांधा सैल राहिला, तर सुपारी नीट कातरली जात नाही. भ्रमणध्वनीसाठी धातूचे कवच घडवतानाही मापाचे असेच अगत्य असते. कारागीर प्रथम व्हर्निअरने भ्रमणध्वनीची लांबी, रुंदी व जाडी मोजतो, त्यांत केसभर जागा मिळवतो आणि आकृती रेखाटतो. मग ॲल्युमिनियमचा ठोकळा मिलिंग यंत्रावर घट्ट आवळून आतील भाग थराथराने कोरून काढतो. घाई केली, की तापलेले ॲल्युमिनियम पात्याला चिकटते!

परंतु खरी परीक्षा पुढेच असते. धातू रेडिओ लहरींना अडवतो. अँटेनेवरही तो आला, तर सुबक कवचातील भ्रमणध्वनी मुका होऊन बसतो. म्हणून तेवढ्या जागी धातू कापून खिडकी ठेवतात व ती प्लॅस्टिकने बुजवतात.