पूर्वसाहित्याचा आढावा कसा घ्यावा?



एम.ए., पीएच.डी.चा विषय घेतल्यावर आपली अनेक मुले ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ या प्रकरणापाशी अडतात. वीस पुस्तकांची नावे व सारांश लिहिले की आढावा झाला, असा समज आहे. तो चुकीचा आहे. आपल्या प्रश्नावर आजवर कोणी काय सांगितले, कशाच्या आधारे सांगितले आणि काय सांगायचे राहिले, याची तपासणी म्हणजे आढावा होय.

जवळचेच उदाहरण घेऊ. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्यातील अग्रणी कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. ‘काळाराम सत्याग्रह’ हा झाला विषय. ‘सत्याग्रहात खेड्यांतील माणसे कशी सामील झाली?’ हा झाला प्रश्न. प्रथम असा प्रश्न एका वाक्यात लिहावा.

नंतर साहित्याचे प्रकार पाडावेत : खैरमोडे व कीर यांची चरित्रे, एलिनॉर झेलियट यांचा १९६९ चा प्रबंध, महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला, सरकारी कागद व बातम्यांचा साधनखंड, बाबासाहेबांची दादासाहेबांना लिहिलेली पत्रे.

प्रत्येक ग्रंथासाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर लेखक, वर्ष, पृष्ठ, म्हणणे व आधार नोंदवावा. लिहिताना मात्र ग्रंथवार नव्हे, मुद्देवार लिहावे. चार लेखकांनी एकाच ग्रंथावरून माहिती घेतली असेल, तर साक्षीदार चार नव्हेत, एकच समजावा.

अशा तपासणीतूनच उणीव सापडते. ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडले. ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाले. म्हणजे सत्याग्रहाचे पहिले महिने या दोन्ही पत्रांच्या मधल्या काळात गेले. त्या महिन्यांसाठी सरकारी नोंदी व इतरांची वृत्तपत्रे पाहावी लागतात. सरकारी नोंद जमावाची संख्या सांगेल. पण भाकरी बांधून निघालेल्या बाईच्या मनात काय होते, हे सांगणार नाही. तेथेच तुमच्या संशोधनाला जागा आहे.

म्हणून समाजबांधवांना विनंती, की घरातील जुनी पत्रे, पावत्या, छायाचित्रे रद्दीत घालू नका, अभ्यासकाला दाखवा. आणि विद्यार्थ्यांनो, आधी वाचा, पारखा, मगच लिहा. आपला इतिहास ऐकीव राहू नये, ही जबाबदारी आता तुमची आहे.