योगक्षेम आणि दवाखान्याची बॅग



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या ९व्या अध्यायातल्या २२व्या श्लोकावर. अनन्यभावाने चिंतन करणाऱ्या भक्तांचा योगक्षेम भगवंत स्वतःकडे घेतात, असं वचन इथे आहे. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे मिळालंय ते जपलं जाणं.

आमच्या देऊळगाव राजाच्या घरात सध्या याच श्लोकावरून चर्चा चालू आहे. धाकटी बहीण पुण्याहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलीये. नववा महिना लागला म्हणून मी दवाखान्याची बॅग भरायला घेतली, तर आजी म्हणाली, "आधीच झबली-टोपडी काढू नये गं. बालाजी महाराज आहेत ना!" आजीची दोन बाळं जन्मतःच गेली. तिच्या बोलण्यात हट्टापेक्षा भीती जास्त आहे, म्हणून तिला हसावंसं वाटत नाही.

पण हा श्लोक कोणाला सांगितलाय बघा. अर्जुनाला, रणांगणावर! 'मी आहे, तू धनुष्य ठेवून दे' असं भगवंत म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला उभं केलं. भार त्यांचा, पण हात आपलेच. तयारी केली म्हणजे श्रद्धा कमी पडली, असं होत नाही.

म्हणून आम्ही भरलेली बॅग अशी:

कागदपत्रं: आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्तगटाचे रिपोर्ट, बँक पासबुक. पुढे जालन्याला हलवायची वेळ आली तर हीच फाईल आधी मागतात.

आईसाठी: समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे पॅड, आतले कपडे, टॉवेल, चप्पल, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर.

बाळासाठी: धुऊन उन्हात वाळवलेली सुती झबली, टोपडी, लंगोट, दुपटी. मध किंवा गुटी नाही. जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध, आणि पहिले ६ महिने फक्त तेच.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

आणि अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर बॅग शोधत बसू नका. तसेच निघा.

काल संध्याकाळी आजीने ट्रंकेतून तिचं जुनं, मऊ लुगडं काढलं, चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. म्हणाली, "हे बाळाचं नाही हं, नुसतं कापड आहे." मी काही बोलले नाही. घडी करून बॅगेत ठेवले.

आजचा संकल्प: तुमच्या घरात, शेजारात कोणाचे दिवस भरत आले असतील, तर आज तिला विचारा, "बॅग भरली का? रात्री गाडी कोण आणणार?" मग देवासमोर दिवा लावून तिच्यासाठी हात जोडा.

राम कृष्ण हरी!