घरातला कृत्रिम सूर्य

म्हैसूर शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १२ अंशांवर वसले आहे. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या चौथ्या आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, तेथे माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा ठिकाणच्या माणसाला ऊन विकत घेण्याची कल्पना विचित्र वाटेल. परंतु उत्तर युरोपात हिवाळ्यातील दिवस अवघ्या काही तासांचा असतो. तेथे जंबुपार किरणांच्या नळ्या बसविलेली 'सूर्यशय्या' पैसे मोजून वापरली जाते. कित्येकांनी तर ती घरातच आणून ठेवली आहे.

या आकर्षणाची कारणे समजून घेतली पाहिजेत. रापलेली त्वचा ही युरोपात एके काळी शेतमजुराची खूण होती. पुढे बहुसंख्य लोक कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करू लागले, तेव्हा तीच खूण सुट्टीची व सुस्थितीची झाली. वैद्यकानेही प्रकाशाला प्रतिष्ठा दिली. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणारे डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मुडदूस उन्हाने बरा होतो हेही पुढे सिद्ध झाले. १९७० नंतरच्या दशकात सूर्यशय्येचा व्यापारी प्रसार सुरू झाला. घरातील शय्येत तर वेळेचे बंधन नाही आणि कोणी पाहणारेही नाही.

नेमका धोका येथेच आहे. जंबुपार किरणांपैकी आखूड लांबीचे 'ब' किरण त्वचा भाजतात आणि ड जीवनसत्त्वही निर्माण करतात. लांब लहरींचे 'अ' किरण त्वचेत अधिक खोल शिरतात, पण चटकन भाजत नाहीत. सूर्यशय्येत मुख्यतः 'अ' किरण असतात. त्यामुळे त्वचा भाजली नाही म्हणजे अपाय झाला नाही, असा समज होतो. वस्तुतः किरणांनी पेशीतील डीएनए दुखावला गेला, म्हणजे त्वचा कृष्णरंजक द्रव्य तयार करते आणि पेशीकेंद्रावर त्याची जणू छत्री धरते. रापणे हे आरोग्याचे तेज नसून झालेल्या इजेला शरीराने दिलेले उत्तर आहे. ही छत्रीही तोकडीच असते. पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजेतून अकाली सुरकुत्या, मोतीबिंदू आणि त्वचेचा कर्करोग संभवतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सूर्यशय्येचा समावेश कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात केला. तंबाखू याच गटात आहे. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी तिच्या वापरावर बंदी घातली. इंग्लंड व वेल्समध्ये २०११ पासून व्यावसायिकांना अठरा वर्षांखालील व्यक्तींना ती वापरू देता येत नाही. परंतु असा कायदा दुकानाच्या दारापर्यंतच पोहोचतो. शयनगृहात यंत्राची कळ दाबणाऱ्याचा हात धरणारे कोणी नसते.

आपल्याकडे गोऱ्या वर्णाचा सोस असल्याने सूर्यशय्येला फारसे गिऱ्हाईक नाही. म्हणून हा प्रश्न परका ठरतो असे मात्र नाही. कोडावर बावचीचे बी उगाळून लावण्याची आणि मग उन्हात बसण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. बावचीतील सोरालेन हे द्रव्य त्वचेला 'अ' किरणांविषयी अतिशय संवेदनशील करते. आधुनिक वैद्यकानेही या गुणाचा उपयोग केला आहे. परंतु लेप थोडा दाट झाला किंवा उन्हात थोडा अधिक वेळ गेला, की त्वचेवर फोड उठतात. म्हैसूरसारख्या ठिकाणी दुपारच्या उन्हात तर ही चूक काही मिनिटांत घडू शकते.

हल्ली कोडासाठी सुमारे ३११ नॅनोमीटर लांबीचे 'ब' किरण देणारे दिवे घरी वापरण्यासही वैद्य सांगतात. दिसायला हा दिवा सूर्यशय्येचा भाऊबंद वाटेल. फरक आहे तो मात्रेचा व हेतूचा. येथे रोगाचे निदान झालेले असते, पहिली मात्रा अल्प असते, ती वैद्याच्या सल्ल्याने वाढविली जाते, डोळे झाकलेले असतात आणि प्रत्येक वेळेची नोंद ठेवलेली असते.

प्रकाश हेही एक औषध आहे, असे मानले म्हणजे पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. औषध किती व किती काळ घ्यावे, हे आपण आरशात पाहून ठरवीत नाही. त्वचेचा रंग पाहून किरणांची मात्रा ठरविणारा मनुष्य मात्र हेच करीत असतो. आणि त्याचा परिणाम आरशात दिसू लागेपर्यंत पुष्कळदा अनेक वर्षे उलटलेली असतात.