टार्गेट ग्रीनवर पटिंग कोणी करत नाही

ड्रायव्हिंग रेंजवरची टार्गेट ग्रीन ही नेम धरायची जागा. शंभर, दीडशे, दोनशे यार्डांवर हिरवा पट्टा आणि झेंडा दिसला की खेळणाऱ्याचं काम झालं. तिथवर चालत जाऊन चेंडू भोकात ढकलायला कोणी जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती कमिटीच्या गळी उतरवताना नाकी नऊ येतात.

पुण्याकडच्या एका रेंजची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा तिथल्या टार्गेट ग्रीनवर टिफड्वार्फ लावलेलं होतं. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार झालेलं, 1965 मध्ये बाहेर पडलेलं हे बर्म्युडाचं बुटकं संकरित वाण. खऱ्या ग्रीनसाठी नामी. रोज चार-पाच मिलिमीटरवर कापा, वरचेवर थर विरळ करा, वाळूचा हात द्या, मग त्याच्यासारखं देखणं गवत नाही. पण रेंजवर रोज रील मोअर कोण फिरवणार? आठवड्याला दोनच कापण्या मिळाल्या की ते फुगतं, खाली वाळक्या काड्यांची गादी साचते आणि पुढच्या कापणीत मोअर त्या गादीत रुतून पिवळी टकलं पाडतो.

त्याहून मोठं दुखणं भोवतीच्या हरळीचं. हरळी म्हणजे बर्म्युडाच, आणि टिफड्वार्फच्या अंगातही तिचंच रक्त. चेंडू वेचणारं यंत्र दिवसभर हरळीवरून ग्रीनवर आणि ग्रीनवरून हरळीवर फिरतं, काड्या सोबत नेतं. दोन पावसाळ्यांत ग्रीन चट्टेरी होते. लव्हाळ्यावर फवारणी आहे, पण बर्म्युडात घुसलेली हरळी तेवढी निवडून मारील असं औषध नाही. खुरप्याने काढायला जाल तर मुळं तुटून आणखी फुटवे. शेतकऱ्याला विचारा, तो हरळीबद्दल काय बोलतो! डिसेंबरात थंडी पडली की टिफड्वार्फवर जांभळट छटा येते, आणि मग तर कुठे काय घुसलंय ते टीवरूनही दिसतं.

शेवटी ते सगळं उकरून टिफवे 419 लावलं, ग्रीनवर आणि भोवतालीही. माझा सल्ला तोच आहे : आत-बाहेर एकच गवत ठेवा, फरक फक्त उंचीचा करा. बाहेर पस्तीस-चाळीस मिलिमीटर, ग्रीनवर बारा ते पंधरा. कडा नीट कापली की लांबून ग्रीन स्वच्छ उठून दिसते, आणि घुसखोरीचा प्रश्नच उरत नाही. बजेट तोकडं असेल तर नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं तेही चालेल. रंग गडद हवा म्हणून युरिया ओतू नका, कापणी वाढेल. फेरस सल्फेटची हलकी फवारणी करा. गवत न वाढता काळपट हिरवं होतं. फक्त सिमेंटच्या वाटेवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत. आणि ग्रीनची मागची बाजू थोडी उचलून घ्या. सपाट ग्रीन टीवरून दिसतच नाही, मग गवत कुठलंही असो.

झोयसियाची शिफारस बरेच जण करतात. सावकाश वाढतं, कापणी कमी, हे खरं. पण पसरायलाही वर्षभर घेतं, आणि पात इतकी चिवट की मोअरची धार लवकर जाते. थांबायची तयारी असेल तर जरूर लावा. बंगल्याच्या बागेतलं गोळ्या-गोळ्यांचं कोरियन मात्र नको. त्या उंचवट्यांत चेंडू दडतात आणि यंत्र उड्या मारत जातं. बेंटग्रास गुलमर्ग-उटीचं, आपल्याकडच्या उन्हात त्याच्या वाटेला जाऊ नये. कोकण-गोव्यात पाणी खारट असेल तर सीशोर पॅस्पॅलमचा विचार करा.

गवतापेक्षा आधी माती बघा. काळ्या मातीवर थेट लावलंत तर पावसाळ्यात चेंडू जमिनीत रुततात. यंत्राला ते लागत नाहीत, मोअरला बरोबर लागतात. रुतलेल्या एका चेंडूने पात्याला खाच पडली की पुढच्या प्रत्येक फेरीला न कापलेल्या गवताची एक बारीक रेघ मागे राहते, धार लावेपर्यंत. मुरूम, वर वाळू आणि पाणी काढायची नळी, यात काटकसर करू नका. कार्पेट लॉनच्या चिकणमातीतून लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात, म्हणून धुतलेल्या काड्या मागवून टोचून घ्या. वळवाचा पाऊस पडला की कडुनिंब-बाभळीवर संध्याकाळी भुंगेरे दिसतात का, तेही पाहा. दिसले तर पुढे मुळाशी हुमणी आलीच म्हणून समजा.

वाण ठरवायच्या बैठकीला सल्लागाराबरोबर चेंडू वेचणाऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरलाही बोलवा, आणि ऑर्डरवर सही त्याचं ऐकून झाल्यावरच करा.