घटक ४ : पेठेतील दुकानघर – वास्तू, व्यवहार आणि भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस
• बारामती-इंदापूर परिसरातील जुन्या दुकानघराची रचना सांगता येईल;
• त्या रचनेमागील भौगोलिक व आर्थिक कारणे स्पष्ट करता येतील;
• वास्तू आणि व्यापार यांच्याशी निगडित मराठी शब्दांचे मूळ व अर्थविस्तार उलगडून दाखवता येतील.

४.१ प्रास्ताविक

भाषेच्या अभ्यासाची साधने म्हणून आपण पोथ्या, शिलालेख आणि कागदपत्रे यांचा विचार करतो. जुनी इमारत हेही असेच एक साधन आहे. तिच्या प्रत्येक भागाला नाव असते, आणि ते नाव त्या भागाच्या उपयोगातून आलेले असते. इमारत पाडली की नाव काही काळ बोलण्यात टिकते. पुढे तेही जाते. म्हणून खाली दुकान, मागे कोठार आणि वर बिऱ्हाड अशा पेठेतील दुकानघराचा येथे वास्तू आणि शब्द या दोन्ही अंगांनी विचार करावयाचा आहे.

४.२ दोन गावे, दोन बाजार

बारामती कऱ्हा नदीच्या काठी वसलेली आहे. अठराव्या शतकात बाबूजी नाईक यांच्यासारख्या मातब्बर सावकाराचे हे ठाणे होते. पेशव्यांनाही कर्ज देणाऱ्या या घराण्याच्या आश्रयाने कवी मोरोपंत येथे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि बारामतीच्या पेठेत गुळाचा व्यापार बळावला. १९१४ मध्ये दौंड-बारामती हा नॅरोगेज लोहमार्ग सुरू झाल्यावर या मालाला दूरची बाजारपेठ मिळाली.

पुणे-सोलापूर रस्त्यावरील इंदापूरची ओळख वेगळी होती. येथील बाजार प्रामुख्याने ज्वारी-बाजरीवर आणि बेभरवशाच्या पावसावर उभा होता. मुंबई इलाख्यातील नव्या जमीन-आकारणीचा आरंभ १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातच झाला. सारा रोखीत आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरावयाचा होता. पीक हाती येवो वा न येवो, हप्त्याच्या वेळी रोख रक्कम हवी. ती मिळण्याचे ठिकाण म्हणजे पेठेतील दुकान.

४.३ वास्तूची रचना

पेठेत रस्त्याकडील दर्शनी जागा मोलाची. त्यामुळे दुकानघराची रुंदी कमी आणि खोली जास्त असे. शेजारच्या घराच्या भिंतीला भिंत लागलेली असल्याने उजेड आणि वारा समोरून किंवा मधल्या चौकातून येई.

अ) ओटा : घडीव काळ्या दगडाच्या जोत्यावर, रस्त्यापेक्षा काही पायऱ्या उंच. गिऱ्हाईक येथे टेकते, माल येथे उतरतो. ओट्यावर कोणीही बसू शकतो.

आ) सोपा : लाकडी खांबांवर उभा असलेला, पुढून उघडा भाग. येथे गादी, तक्क्या, तराजू आणि वह्यांची पेटी असे. रात्री खोबणीत एकामागून एक उभ्या फळ्या सरकवून दर्शनी भाग बंद करीत. सकाळी त्या काढल्या की सारा सोपा रस्त्याला खुला होई.

इ) कोठार : सोप्यामागील अंधारी खोली. धान्य साठवण्यासाठी जाड भिंतीत बळद, तर जमिनीखाली पेव असे. दस्तऐवज व मौल्यवान ऐवज येथेच ठेवीत.

ई) माडी : अरुंद जिन्याने जावयाचा वरचा मजला; व्यापाऱ्याचे बिऱ्हाड.

छताचा प्रकार हवामानाशी जोडलेला आहे. हा परिसर पर्जन्यछायेत येतो. येथे तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाल्याचा थर आणि वर पांढरी माती घालून केलेले सपाट माळवद पुरेसे होते. जाड मातीमुळे उन्हाळ्यात आत गारवा राही. कोकणातील मुसळधार पावसात असे छत टिकले नसते. घराचे माप 'खणां'त सांगत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. तेव्हा पाच खणांचे दुकान म्हटले की त्याचा आकार आणि मालकाची ऐपत दोन्ही कळत.

स्वयं-अध्ययन प्रश्न : माळवद हा छताचा प्रकार या परिसरात का रुजला? चार वाक्यांत लिहा.

४.४ ओट्यापासून कोठारापर्यंत

रस्त्यापासून आत जाताना या वास्तूत व्यवहाराचे स्वरूप बदलत जाते. ओट्यावर रोखीची खरेदी होते. गादीपुढे उधारी वहीत चढते. कोठारात त्या उधारीचे कर्जखत आणि तारणाचा ऐवज जातो. शेतकरी पहिल्या टप्प्यावर गिऱ्हाईक, दुसऱ्यावर खातेदार आणि तिसऱ्यावर ऋणको होतो. वहीत काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नसे; अंगठा मात्र त्यांचाच असे.

१८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले. १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी होऊन साराही बराच वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी व्यापाऱ्यांच्या दुकानांवर हल्ला केला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात आहे. धान्य लुटले गेले, काही घरांना आगी लागल्या. परंतु जमावाची मुख्य मागणी वह्या आणि कर्जखते यांची होती, आणि ती जाळण्यात आली. शेतकऱ्यांच्या दृष्टीने त्या इमारतीतील सर्वांत जड वस्तू कागद हीच होती. यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

४.५ शब्दांचे थर

या वास्तूतील शब्द एकाच मुळाचे नाहीत. 'पेठ' या शब्दाचे नाते कन्नड 'पेटे', तमिळ 'पेट्टै' यांच्याशी आहे. 'बाजार' फारसी आहे. 'कर्ज', 'हिशेब', 'जमा', 'वसूल', 'नफा' आणि दस्तऐवज या अर्थाचा 'खत' हे शब्द अरबी मूळाचे असून फारसीमार्गे मराठीत आले. 'दुकान' हाही त्यांतलाच. अरबीत त्याचा एक अर्थ बसण्याचा उंच ओटा असाही आहे. म्हणजे आपल्या ओट्यावरच्या दुकानात एकच कल्पना दोन भाषांतून एकत्र आली आहे.

'तुळई' संस्कृत 'तुला' शब्दापासून आली. संस्कृतात 'तुला' म्हणजे तराजू आणि छताची तुळई दोन्ही. 'व्याज' या संस्कृत शब्दाचा अर्थ निमित्त, बहाणा. 'व्याजस्तुती' या अलंकारनामात तो अर्थ आजही जिवंत आहे. मराठी व्यवहारात मात्र त्याला कर्जावरील वाढाव्याचा अर्थ मिळाला.

वाक्प्रचारांतही ही वास्तू आढळते. साठवलेले धान्य एकदम बाहेर यावे, त्यावरून 'पेव फुटणे'. दुकान 'बंद करणे' अशुभ वाटते म्हणून 'दुकान वाढवणे'. 'नारळ वाढवणे', 'बांगडी वाढवणे' यांतही हाच संकेत आहे.

४.६ स्थित्यंतर

१९३९च्या बाजार कायद्यानंतर शेतमालाचे लिलाव हळूहळू पेठेबाहेर, बाजार समित्यांच्या आवारात गेले. कोठाराचे महत्त्व कमी झाले. फळ्यांच्या जागी शटर, माळवदाच्या जागी स्लॅब आला. हे केवळ साहित्याचे बदल नाहीत. 'बळद' पाहिलेलीच नाही अशी पिढी तो शब्द वापरणार नाही. 'पेव फुटणे' मात्र मूळ अर्थ न कळताही वापरीत राहील. वस्तू गेल्यावर शब्द जातो, पण वाक्प्रचारात तो तगून राहू शकतो, हे येथे लक्षात घ्यावे.

४.७ सारांश

दुकानघराची अरुंद खोल रचना पेठेतील जागेच्या मोलातून, माळवद हवामानातून आणि ओटा-सोपा-कोठार हा क्रम रोख-उधार-कर्ज या व्यवहारातून घडला. त्याच्या शब्दसंपदेत द्राविडी, फारसी-अरबी व संस्कृत असे थर दिसतात.

४.८ स्वाध्याय

१. 'दुकानघराची रचना म्हणजे पतव्यवहाराचा नकाशा' या विधानाची १८७५च्या घटनेच्या आधारे चर्चा करा.
२. 'तुळई', 'व्याज' आणि 'दुकान' या शब्दांचा अर्थविस्तार स्पष्ट करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एका जुन्या दुकानाचा आराखडा काढा. वयस्क सुतार, गवंडी किंवा व्यापारी यांना भेटून प्रत्येक भागाचे स्थानिक नाव त्यांच्याच उच्चारात नोंदवा. आपणांस अपरिचित असलेले शब्द प्रथम लिहून घ्या. ते सांगणारी माणसे उद्या भेटतीलच असे नाही.